घरातील शोभेच्या वनस्पतींवरील किडी

घरात, ओसरीवर, सज्जात किंवा अंगणातील आडोशाला कुंड्यांमधून वाढविलेल्या वनस्पतींचा रस शोषणाऱ्या अथवा त्यांची पाने, मुळे व कळ्या कुरतडणाऱ्या कीटकांचा व कोळ्यांच्या वर्गातील काही सूक्ष्म प्राण्यांचा या किडींत समावेश होतो. यांपैकी बहुतेक किडी शेतात व बागेतही आढळतात. मात्र घरात पाऊस व वारा यांचा मारा नसतो आणि किडींना खाणारे भक्षक कीटकही क्वचितच पोहोचतात. त्यामुळे उघड्यावर आटोक्यात राहणारी कीड घरातील कुंडीत थोड्याच दिवसांत अतोनात वाढते. दुसरीकडे, शेतात वापरली जाणारी तीव्र विषे घरात वापरणे माणसांना धोक्याचे असते. किडींचा बंदोबस्त व घरातील माणसांची सुरक्षितता या दोहोंचा एकत्र विचार करावा लागत असल्याने हा विषय शेतातील पीकसंरक्षणापेक्षा वेगळा ठरतो.

स्थानिक परिस्थिती : किडींचा उपद्रव हवामान, पाणी व परिसर यांवर अवलंबून असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यातील गडचांदूर हे याचे बोलके उदाहरण आहे. येथील उन्हाळा अतिशय कडक असून मे महिन्यात जिल्ह्यातील कमाल तापमान ४५° से.च्या वर जाते. हवा कोरडी असते व घरोघरी कूलर लावलेले असतात. उलट जून ते सप्टेंबर या काळात भरपूर पाऊस पडून हवा दमट होते. या टोकाच्या दोन ऋतूंमुळे कोरड्या व दमट अशा दोन्ही हवामानांत वाढणाऱ्या किडींना आळीपाळीने संधी मिळते.

हा परिसर चुनखडीचा असून गडचांदूर, आवारपूर व उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने आहेत. पानांवर धूळ साचली की प्रकाशसंश्लेषण मंदावते, त्वग्रंध्रे बुजतात आणि लाल कोळ्यांना आसरा मिळतो. त्यांना खाणाऱ्या भक्षक कोळ्यांना मात्र धुळीत वावरणे कठीण जाते. सिमेंटची धूळ अल्कधर्मी असते व ओल लागताच तिचा कडक थर बनतो. म्हणून अशी धूळ प्रथम कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावी व नंतरच ओल्या फडक्याने पान पुसावे. चुनखडीच्या प्रदेशातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा कठीण असते. ते पानांवर शिंपडून वाळले म्हणजे क्षारांचे पांढरे डाग उरतात. हे डाग पुष्कळदा कीड म्हणून गणले जातात व विनाकारण औषध फवारले जाते. नखाने खरवडल्यास क्षाराची कोरडी भुकटी पडते, तर पिठ्या ढेकूण चिरडल्यास बोटाला ओलसर चिकटपणा लागतो. एवढ्यावरून दोहोंतील फरक कळतो.

गावाभोवती कापसाची शेती असल्याने कापसावरील मावा, पांढरी माशी, फुलकिडे व पिठ्या ढेकूण यांचा घरातील जास्वंद, गुलाब व शेवंती यांच्याशी सतत संपर्क येतो. उडणाऱ्या किडी स्वतःहून येतात, तर इतर किडी कपड्यांवरून, वाऱ्यावरून, मुंग्यांबरोबर किंवा रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाबरोबर घरात येतात.

निदान : कीड बहुधा पानाच्या खालच्या बाजूस, पेऱ्यांच्या बेचक्यांत व कोवळ्या शेंड्यांवर असते. वरून पाहणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. पाने पिवळसर ठिपकेदार होणे, शेंडे आखडणे, पानांवर चिकट थर व काजळी येणे, कुंडीवर मुंग्यांची रांग दिसणे ही प्रमुख लक्षणे होत. पांढऱ्या कागदावर फांदी हलकेच झटकून कागद भिंगाखाली पाहिल्यास लाल कोळी व फुलकिडे हालताना दिसतात. जास्त पाणी, कमी उजेड अथवा उन्हाची झळ यांमुळेही पाने पिवळी पडतात. म्हणून प्रत्यक्ष कीड पाहिल्याखेरीज उपचार करू नयेत.

प्रमुख किडी : (१) पिठ्या ढेकूण : अंगावर मेणकट पांढरी भुकटी असलेला, मऊ शरीराचा, ३ ते ५ मिमी. लांबीचा हा कीटक घरातील वनस्पतींचा सर्वांत चिवट शत्रू होय. जास्वंद, क्रोटन, कोलियस, निवडुंग, मनी प्लांट इत्यादींवर तो कापसाच्या पुंजक्यांसारखा दिसतो. मादी मेणकट पिशवीत शेकडो अंडी घालते. अंड्यांतून बाहेर पडलेली पिले पहिल्या अवस्थेत हिंडती असल्याने याच वेळी कीड एका कुंडीतून दुसरीत पसरते. मेणाच्या आवरणामुळे नुसते पाणी किंवा पाण्यात विरघळणारी औषधे तिच्या अंगाला भिडत नाहीत. काही जाती मुळांवर राहतात. अशा वेळी पाणी देऊनही झाड कोमेजलेले दिसते व कुंडी उलटी केल्यावरच कारण समजते.

या गटातील फेनाकॉकस सोलेनॉप्सिस या परदेशी जातीने सुमारे २००५ ते २००८ या काळात भारतातील कापसाचे मोठे नुकसान केले. गाजरगवत व जास्वंद या दोन्हींवर ती जगत असल्याने शेत, बांध व अंगण यांची साखळीच तयार झाली. पुढे एनासियस वंशातील एका सूक्ष्म परजीवी गांधीलमाशीमुळे तिची वाढ बरीच आटोक्यात आली. घराभोवतीचे गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटणे हा म्हणूनच कुंडीतील जास्वंदीच्या संरक्षणाचाही भाग ठरतो.

(२) खवले कीटक : हे कीटक कवचाखाली एकाच जागी चिकटून राहतात व खोडावरील तपकिरी फोडांसारखे दिसतात. पाम, रबराचे झाड, नेचे, कण्हेर व ऑर्किड यांवर ते विशेष आढळतात. मऊ कवचाच्या जातींपासून चिकट स्राव निघतो, कठीण कवचाच्या जातींपासून तो निघत नाही. कवचामुळे प्रौढ कीटकावर फवारणीचा परिणाम फारसा होत नाही. बोथट काडीने अथवा जुन्या दातांच्या ब्रशाने ते खरवडून काढावे लागतात.

उपद्रवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गटातच माणसाला उपयोगी कीटकही आहेत. गोंदिया, भंडारा व गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलांत पळस व कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणारा लाखेचा कीटक हा खवले कीटकांचाच नातलग आहे. निवडुंगावरील कोचिनियल या कीटकापासून किरमिजी रंग मिळतो. १७९५ मध्ये त्याची खरी जात समजून ब्राझीलहून भारतात आणलेली एक वेगळीच जात रंगासाठी निरुपयोगी ठरली, परंतु तिने माजलेल्या निवडुंगाचा ठिकठिकाणी फडशा पाडला. कीटकाने तणाचे नियंत्रण केल्याचे हे सुरुवातीच्या काळातील प्रसिद्ध उदाहरण आहे. [⟶ लाख].

(३) मावा : सुमारे २ मिमी. लांबीचे, हिरवे, पिवळे वा काळे, मऊ शरीराचे हे कीटक कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर थव्याने राहतात. उष्ण प्रदेशांत माद्या नराशी संयोग न होताच पिलांना जन्म देतात. पिलू आठवडा-दहा दिवसांत प्रौढ होते, त्यामुळे थोड्याशा माव्याची काही दिवसांतच दाट वस्ती होते. शेवंती, गुलाब व जास्वंद यांवर हिवाळ्यात त्यांचा जोर असतो. शोषलेल्या रसातील जादा साखर ते चिकट स्रावाच्या रूपाने बाहेर टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते व पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. या गोड स्रावासाठी मुंग्या मावा व पिठ्या ढेकूण यांची राखण करतात आणि भक्षक कीटकांना हुसकावून लावतात. म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त हा उपचाराचा पहिला टप्पा असतो. कुंडी पाण्याने भरलेल्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवली असता मुंग्यांची वाट बंद होते. डास वाढू नयेत म्हणून हे पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे.

(४) पांढरी माशी : झाड हालविताच पिठाच्या कणांप्रमाणे उडणारा हा छोटा कीटक खऱ्या माशीच्या गणातील नसून माव्याच्या गणातील आहे. पिले पानांच्या खालच्या बाजूस चिकटलेली असतात. बेमिसिया टॅबॅसाय ही जात कापसावर व अनेक भाज्यांवर आढळते आणि वनस्पतींच्या विषाणूंचा प्रसारही करते. पिवळ्या रंगाकडे तिचे आकर्षण असल्याने पिवळ्या पुठ्ठ्यावर एरंडेल किंवा ग्रीज लावून तो कुंडीजवळ टांगल्यास प्रौढ माश्या त्याला चिकटतात.

(५) फुलकिडे : सुमारे १ मिमी. लांबीचे हे निमुळते कीटक पेशी खरवडून रस पितात. पानांवर रुपेरी चट्टे व विष्ठेचे काळे ठिपके दिसतात, कळ्या वेड्यावाकड्या उमलतात. गुलाब व मिरची यांवर सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस ही जात आढळते. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीच्या पिकावर थ्रिप्स पार्विस्पायनस या परदेशी जातीचा मोठा उद्रेक झाला. ही जात शोभेच्या वनस्पतींवरही जगते.

(६) लाल कोळी : टेट्रानिकस उर्टिकी व तिच्या जवळच्या जाती कीटक नसून अष्टपाद आहेत. त्यांची लांबी अर्ध्या मिमी.हून अधिक नसते. प्रथम पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके पडतात, नंतर पाने करडी होतात व पेऱ्यांत बारीक जाळी दिसते. सुमारे ३०° से. तापमानात आठ-दहा दिवसांत एक पिढी पूर्ण होते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात घरातील झाडांवर मार्चपासून याच किडीची भीती अधिक असते. कीटकांसाठीची अनेक औषधे तिच्यावर निरुपयोगी ठरतात. उलट काही औषधांनी भक्षक मरून कोळ्यांची वाढ जोमाने होते. दर तीन-चार दिवसांनी पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुणे हा सर्वांत सोपा व परिणामकारक उपाय होय.

(७) कुंडीतील चिलटे : ब्रॅडिसिया वंशातील हे काळे, नाजूक कीटक पावसाळ्यात ओल्या मातीवर घोटाळताना दिसतात. काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या कुजके पदार्थ, बुरशी व कोवळी मुळे खातात. मोठ्या झाडांना त्यांचा त्रास थोडा, रोपांना व कलमांना अधिक होतो. मूळ कारण पाण्याचा अतिरेक हे असल्याने मातीचा वरचा २ ते ३ सेंमी. थर वाळल्याशिवाय पाणी न देणे हाच खरा उपाय ठरतो. मातीवर जाड वाळूचा थर पसरल्यास अंडी घालण्यास अडथळा होतो.

(८) इतर : तुळशीवर जाळीदार पंखांचा एक छोटा ढेकूण रस शोषतो व पाने वळून काळपट होतात. कढीपत्ता व लिंबू यांची पाने पॅपिलिओ वंशातील फुलपाखरांच्या अळ्या खातात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या व पुढे हिरव्या दिसतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉर्मन याच वंशातील आहे. अशा दोन-चार अळ्या हाताने उचलून बाहेरच्या मोठ्या झाडावर ठेवाव्यात, त्यासाठी औषध वापरण्याची गरज नसते.

प्रतिबंध : नवीन आणलेले रोप दोन ते तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे व आठवड्यातून दोनदा तपासावे. वाळकी पाने काढून टाकावीत. नत्रयुक्त खत जास्त दिल्यास कोवळी, रसदार वाढ होऊन माव्याला निमंत्रण मिळते, म्हणून ते बेतानेच द्यावे. कूलरच्या थेट झोतात कुंडी ठेवू नये. कुंडीसाठीची जुनी माती वापरण्यापूर्वी ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवल्यास बहुतेक किडी व बुरशी नष्ट होतात. चंद्रपूरचा उन्हाळा झाडांना जाचक असला, तरी या कामी त्याचा चांगला उपयोग होतो.

बिनविषारी उपचार : किडीची वस्ती लहान असताना ती हाताने काढणे, बाधित शेंडा छाटणे व झाड धुणे एवढे पुरेसे होते. पिठ्या ढेकणांवर कापसाच्या बोळ्याने जंतुनाशक अल्कोहॉल लावल्यास मेण विरघळून कीटक मरतात. अल्कोहॉल ज्वालाग्राही असल्याने ते देवघरातील दिवा व शेगडी यांपासून दूर वापरावे.

साबणाचे पाणी मऊ शरीराच्या किडींवर परिणामकारक असते. १ लि. पाण्यात ५ ते १० ग्रॅ. सौम्य साबण विरघळवून तो पानांच्या दोन्ही बाजूंस लागेल असा संध्याकाळी फवारतात व तासा-दोन तासांनी पान स्वच्छ पाण्याने धुतात. कपडे धुण्याच्या चुऱ्यातील क्षारांनी पाने करपतात, म्हणून तो वापरू नये. कठीण पाण्यात साबणाचा साका होऊन त्याचा कीटकनाशक गुण जातो. गडचांदूरसारख्या ठिकाणी साबणाचा गुण येत नाही अशी तक्रार असल्यास पाण्याच्या कठीणपणाचाही विचार करावा. पावसाचे साठविलेले अथवा गाळणयंत्रातील मऊ पाणी वापरल्यास हा दोष दूर होतो.

कडुनिंबाच्या बियांतील ॲझाडिरॅक्टिन या द्रव्यामुळे किडींचे खाणे कमी होते व कात टाकण्याची क्रिया बिघडते. उन्हाळ्याच्या शेवटी गोळा करून सावलीत वाळविलेल्या निंबोळ्यांचे ५० ग्रॅ. चूर्ण १ लि. पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून व त्यात थोडा साबण मिसळून फवारतात. परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात. उन्हाने अर्काचे विघटन होते, म्हणून तो संध्याकाळी व ताजाच वापरावा. कोणतेही द्रावण प्रथम एका पानावर लावून दोन दिवस पाहावे. नेच्यांची व लव असलेली पाने विशेष नाजूक असतात. अंड्यांवर या उपायांचा परिणाम कमी होत असल्याने आठवड्याच्या अंतराने किमान तीन वेळा उपचार करावा लागतो. पहिल्याच फवारणीनंतर कीड दिसेनाशी झाली म्हणून थांबणे ही नेहमीची चूक होय.

लाल कोळ्यांवर पाण्यात मिसळणारे गंधक उपयोगी असले, तरी सुमारे ३२° से.च्या वर त्याने पाने भाजतात. उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी जेव्हा गरज असते तेव्हा, विदर्भात ते वापरता येत नाही. निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी गंधक वापरू नये.

जैव नियंत्रण : किडींच्या नैसर्गिक शत्रूंचा वापर करण्याची पद्धत जुनी आहे. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागांचा नाश करणाऱ्या खवले कीटकाचे नियंत्रण १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या चित्रांगाने (लेडीबर्ड भुंगेऱ्याने) केले. भारतात १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेला क्रिप्टोलीमस माँट्रौझीरी हा भुंगेरा आज द्राक्षबागांतील पिठ्या ढेकणांविरुद्ध वापरला जातो. त्याची अळी स्वतःही पांढरी व मेणकट असल्याने ती पिठ्या ढेकूण समजून मारली जाण्याचा संभव असतो. ती आकाराने मोठी व चपळ असते. २००८ मध्ये भारतात आढळलेल्या पपईवरील पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये प्वेर्तो रीकोतून परजीवी गांधीलमाश्या आणून यशस्वीपणे सोडण्यात आल्या. बंद घरात हे शत्रू टिकत नाहीत. तथापि सज्जातील कुंडीवर दिसणारे चित्रांग, जाळीपंखी कीटकाच्या अळ्या व साधे कोळी यांना मारू नये.

रासायनिक कीटकनाशके व धोके : कापूस पिकविणाऱ्या भागात घरातील झाडावर कीड दिसताच शेतासाठी आणलेल्या औषधाचे चार थेंब वापरण्याचा मोह होतो. हा सर्वांत घातक उपाय होय. शेतातील फवारणीची मात्रा उघड्या हवेसाठी ठरविलेली असते. बंद खोलीत तिचे बाष्प व अवशेष भिंती, पडदे, अन्न व पिण्याचे पाणी यांवर राहतात. लहान मुले जमिनीवर रांगत असल्याने व वस्तू तोंडात घालत असल्याने त्यांना धोका अधिक संभवतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीच्या हंगामात विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले. उघड्या रानात जे प्राणघातक ठरले, ते घरात निर्धोक असणे शक्य नाही.

जुन्या पुस्तकांत शोभेच्या झाडांसाठी सुचविलेली अनेक औषधे आता बाद झाली आहेत. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. फोरेट व डायक्लोरव्हॉस यांचा वापर २०१८ च्या आदेशानुसार २०२० अखेर बंद झाला. कोळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डायकोफॉलवर २०२३ मध्ये बंदी घालण्यात आली. घरात उरलेल्या अशा जुन्या बाटल्या वापरू नयेत व नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नयेत. तंबाखूचा काढा घरगुती असला, तरी त्यातील निकोटीन तीव्र विष असल्याने तोही निर्धोक नव्हे. तुळस, कढीपत्ता, पुदिना व गवती चहा यांची पाने पोटात जातात. तुळशीचे पान तर प्रसादात व काढ्यात रोज घेतले जाते. या झाडांवर पाण्याने धुणे, छाटणे व हाताने वेचणे यांपलीकडे जाऊ नये.

कीटकनाशके अधिनियम, १९६८ व त्याखालील नियमांनुसार डब्यावर विषारीपणाचा निदर्शक रंग असतो. लाल रंग अत्यंत तीव्र, पिवळा तीव्र, निळा मध्यम व हिरवा सौम्य विष दर्शवितो. लाल व पिवळ्या चिन्हाची औषधे घरात आणूच नयेत. औषध लागलेच तर घरगुती वापरासाठी असलेले, हिरव्या चिन्हाचे व लहान वेष्टनातील घ्यावे. कुंडी घराबाहेर नेऊन, हातमोजे घालून व वाऱ्याकडे पाठ करून फवारावे आणि पाने वाळल्यावरच कुंडी आत आणावी. औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. अतिघाम, लाळ सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, उलट्या व श्वासास त्रास ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी अंगावरील कपडे काढून कातडी साबणाने धुवावी आणि औषधाच्या वेष्टनासह रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. वेष्टनावरील नावावरून डॉक्टरांना योग्य उतारा देता येतो.

मर्यादा : घरातील झाड पूर्णपणे कीडमुक्त ठेवणे शक्य नसते व आवश्यकही नसते. झाड जोमदार असल्यास थोडी कीड ते सहन करते. तीन-चार उपचारांनंतरही पिठ्या ढेकूण अथवा खवले कीटक हटत नसल्यास निरोगी शेंड्याचे कलम स्वच्छ मातीत लावून मूळ झाड मातीसह नष्ट करणे हिताचे असते. मनी प्लांट, कोलियस व जास्वंद यांची कलमे सहज लागतात. एका कुंडीचा मोह सोडल्याने उरलेल्या कुंड्या वाचतात आणि घरात विष आणण्याचा प्रसंगही टळतो. [⟶ कीटक, कीटकनाशके, पीडकनियंत्रण].